हवेत कोन बदलणारा पंखा : भरवसा कशावर ठेवायचा?

जुलै २०२५मध्ये अमेरिकेच्या नागरी उड्डाण प्रशासनाने, म्हणजे एफएएने, हलक्या विमानांची एक जुनी चौकट मोडली. २००४ साली आखलेल्या 'लाइट स्पोर्ट' वर्गात विमान साधे असावे यावर कटाक्ष होता. फार तर दोन आसने, एकच पिस्टन इंजिन, वेग १२० नॉटच्या आत. आणि पंखा असा, की ज्याच्या पात्यांचा कोन कायमचा ठरलेला असेल किंवा जमिनीवर उभ्या विमानात पाना लावून बदलता येईल. उडता उडता कोन बदलणारा प्रोपेलर या वर्गाला वर्ज्य होता. नव्या नियमांनी हे बंधन काढून टाकले. युरोपातल्या मायक्रोलाइट विमानांवर तर असे पंखे आधीपासूनच फिरत होते.

त्यामुळे विमान घेणाऱ्यांपुढे, बांधणाऱ्यांपुढे आणि दुरुस्त करणाऱ्यांपुढे एक जुना प्रश्न नव्या निकडीने उभा राहिला आहे : हा पंखा भरवशाचा असतो का? एक बाजू म्हणते, आम्ही वर्षानुवर्षे उडवतो आहोत, काही झालेले नाही. दुसरी म्हणते, जितके भाग जास्त तितके बिघाड जास्त. दोन्ही विधाने खरी असू शकतात आणि दोन्हींवरून निर्णय घेता येत नाही. पंखा किती वेळा बिघडतो, याचे विश्वासार्ह उत्तर हलक्या विमानांच्या बाबतीत बहुधा मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारे तास कोणी मोजून ठेवलेले नसतात. दुसऱ्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र मिळवता येतात. बिघडला तर पाती कोणत्या कोनावर थांबतात? आणि बिघडण्याआधी पंखा काही खूण दाखवतो का? विश्वासार्हतेचा निवाडा या दोन प्रश्नांवर करावा, अशी या आढाव्याची भूमिका आहे.

कोन बदलायचाच कशाला?

पंख्याचे पाते हा एक फिरणारा पंख असतो. हवा त्याला कोणत्या कोनातून भेटते हे दोन गोष्टींवर ठरते : पंखा किती वेगाने फिरतो आणि विमान किती वेगाने पुढे जाते. धावपट्टीच्या टोकाला विमान उभे असते तेव्हा पुढचा वेग शून्य असतो. अशा वेळी पाते जास्त तिरके, म्हणजे 'कोर्स' कोनात असेल, तर त्यावरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि इंजिनाला पुरत्या फेऱ्या गाठता येत नाहीत. उलट पाते सपाट, म्हणजे 'फाइन' कोनात असेल, तर उड्डाण झोकात होते. पण विमानाने वेग घेतला की इंजिन मर्यादेबाहेर पळू लागते आणि थ्रॉटल मागे घ्यावा लागतो. ठरलेल्या कोनाचा पंखा म्हणजे घाट आणि महामार्ग एकाच गियरमध्ये चालवण्याची तडजोड.

ही तडजोड टाळल्याने काय मिळते, याचे जुने आणि चोख उदाहरण बोइंग २४७ या प्रवासी विमानाचे आहे. उंचावरच्या विमानतळांवरून उडताना ते कमी पडत होते. हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीत फ्रँक कॉल्डवेल यांनी तयार केलेला दोन कोनांचा पंखा त्याला बसवल्यावर धावपट्टीवरची धाव सुमारे २० टक्क्यांनी घटली, चढण्याचा दर २२ टक्क्यांनी वाढला आणि सपाट उड्डाणातला वेग साडेपाच टक्क्यांनी वाढला. १९३३ सालचा कोलियर करंडक या कामाला मिळाला.

या आकड्यांत हलक्या विमानांसाठीही एक धडा आहे. मोठा फायदा उड्डाणात आणि चढण्यात झाला, वेगात त्यामानाने थोडा. ज्या विमानाचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेग यांत फार अंतर नाही, अशा ८० अश्वशक्तीच्या संथ प्रशिक्षण विमानाला कोन बदलून फारसे काही मिळत नाही. गुळगुळीत बांध्याचे, वेगवान, लांब पल्ल्याचे विमान असेल, धावपट्टी आखूड किंवा उंचावर असेल, तर हिशेब बदलतो. भरवशाचा विचार या हिशेबानंतर सुरू होतो. फायदाच नसेल, तर थोडीशी जोखीमही महागच पडते.

सायकलच्या पंपावर जिंकलेली शर्यत

१९२७ साली कॅनडात वॉलेस टर्नबुल यांनी विजेवर कोन बदलणाऱ्या पंख्याची उड्डाणचाचणी घेतली. त्याआधी, १९२४ मध्ये, ब्रिटनमध्ये हेले-शॉ आणि बीचम यांनी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पंख्याचे पेटंट घेतले होते. पण 'बिघडला तर कुठे थांबेल' हा प्रश्न नेमका समजून घ्यायचा तर १९३४ सालच्या लंडन ते मेलबर्न हवाई शर्यतीकडे पाहावे.

ही शर्यत जिंकणाऱ्या डी हॅविलँड कॉमेट विमानावर रातिए या फ्रेंच कंपनीचे पंखे होते. त्यांची रचना विलक्षण होती. पाती जिथे मधोमध जोडलेली असतात त्या हबमध्ये हवेची एक पिशवी असे. उड्डाणाआधी सायकलच्या पंपाने ती फुगवली, की पाती फाइन कोनात येत. विमानाने ठरावीक वेग गाठला, की पुढच्या टोकावरच्या तबकडीवर हवेचा दाब पडून झडप उघडे, पिशवीतली हवा निघून जाई आणि पाती कोर्स कोनात जाऊन बसत. परतीचा मार्ग नव्हता. पाती पुन्हा फाइन करायची, तर जमिनीवर उतरून पंप मारायचा.

स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक ही वैमानिक जोडी बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर असे मुक्काम घेत याच पंख्यांनिशी मेलबर्नला सर्वांत आधी पोहोचली. म्हणजे यंत्र कामाचे होते. पण त्याची मर्यादाही स्पष्ट होती : उतरताना काही चुकले आणि पुन्हा वर जायची वेळ आली, तर पाती चुकीच्या कोनात असणार. वैमानिकांना हे आधीच ठाऊक होते आणि त्यांनी उड्डाणाची आखणी तशी केली. ज्याची मर्यादा नेमकी ठाऊक आहे असे अपुरे यंत्र, मर्यादा ठाऊक नसलेल्या परिपूर्ण यंत्रापेक्षा बरे. पुढे दिलेल्या अपघातांतून हे आणखी स्पष्ट होईल.

तीन घराणी, तीन तऱ्हेचे बिघाड

आज हलक्या विमानांवर दिसणारे पंखे ढोबळमानाने तीन घराण्यांतले असतात.

पहिले घराणे तेलाच्या दाबावर चालणारे. हार्टझेल, मॅकॉली, एमटी, हॉफमन या नावांचे बहुतेक प्रमाणित पंखे यात येतात. इंजिनाचे तेल फेऱ्या सांभाळणाऱ्या गव्हर्नरमधून हबमधल्या पिस्टनवर जाते आणि वैमानिकाने ठरवलेल्या फेऱ्या टिकाव्यात इतका कोन आपोआप बदलत राहतो. प्रतिसाद जलद असतो आणि मागे अनेक दशकांचा अनुभव असतो. पण तेल गेले तर काय, याचे उत्तर रचनेनुसार बदलते. एका इंजिनाच्या साध्या विमानांत सहसा तेलाचा दाब पाती कोर्सकडे ढकलतो. फिरत्या पात्याची स्वतःची ओढ फाइनकडे असते आणि स्प्रिंग तिला साथ देते. त्यामुळे दाब गेला की पाती फाइनला येतात, इंजिन पळू लागते आणि वैमानिकाला झटकन थ्रॉटल मागे घ्यावा लागतो. कसरती करणाऱ्या आणि दोन इंजिनांच्या विमानांत पात्यांना प्रतिभार जोडलेले असतात. तिथे दाब गेला की पाती कोर्सकडे जातात. दोन इंजिनांच्या विमानात तर पूर्ण 'फेदर' होऊन वाऱ्याला समांतर उभी राहतात. एकाच कंपनीचे, दिसायला सारखे दोन पंखे असे विरुद्ध दिशांना बिघडू शकतात. म्हणून 'हायड्रॉलिक भरवशाचे' या सरसकट वाक्याला अर्थ नाही.

दुसरे घराणे विजेचे. न्यूझीलंडची एअरमास्टर, चेकियाची वूडकॉम्प आणि जर्मन एमटीची काही मॉडेले यात येतात. हबमध्ये किंवा त्याच्या मागे छोटी मोटर असते. ती गियरमधून स्क्रू फिरवते आणि स्क्रू पात्यांचा कोन बदलतो. फिरत्या हबपर्यंत वीज नेण्यासाठी स्लिप रिंग आणि कार्बन ब्रश वापरतात. इंजिनाच्या तेलाशी संबंध नाही, म्हणून ज्या इंजिनाच्या दांड्यातून तेल नेण्याची सोय नाही त्यालाही हे पंखे चालतात. वीज गेली तर स्क्रू उलटा फिरत नाही आणि पाती आहेत त्याच कोनात राहतात. यंत्राची ही मोठी जमेची बाजू. पण 'आहेत तिथे' म्हणजे नेमके कुठे, हे बिघाडाच्या क्षणावर अवलंबून असते. लांब पल्ल्यावर कोर्स कोनात अडकलेला पंखा उतरेपर्यंत काहीच त्रास देत नाही. उतरताना पुन्हा वर जायची वेळ आली, की त्याची किंमत कळते. ब्रश झिजणे, स्लिप रिंगवर तेल किंवा धूळ बसणे, मर्यादा-स्विच हलणे, तारेचा सांधा सुटणे हे नेहमीचे बिघाड. सर्वांत विचार करण्याजोगा बिघाड नियंत्रकाचा. त्याला फेऱ्यांचा संकेत मिळेनासा झाला, तर तो पाती आहेत तिथे सोडतो, की पंखा थांबला असे समजून फाइनकडे पळवतो? हा प्रश्न उत्पादकाला विचारलाच पाहिजे.

तिसरे घराणे हातानेच चालवायच्या यांत्रिक पंख्यांचे. कॉकपिटमधला लिव्हर किंवा चक्र, पोकळ दांड्यातून जाणारी सळई आणि टोकाला एक बेअरिंग. भाग कमी, वजन कमी, किंमत कमी. पण इथे फेऱ्या आपोआप टिकत नाहीत. वैमानिकालाच लक्ष ठेवावे लागते. सळई किंवा बेअरिंग गेले, की पाती आपल्या स्वाभाविक ओढीने फाइनकडे जातात.

तिन्ही घराण्यांना लागू पडणारी आणि बोलण्यात सहसा न येणारी एक गोष्ट म्हणजे दोन टोकांचे यांत्रिक अडसर. पाती कितीही फाइन झाली तरी एका कोनापलीकडे जाऊ नयेत, कितीही कोर्स झाली तरी दुसऱ्या कोनापलीकडे जाऊ नयेत, यासाठी हबमध्ये ठोस थांबे असतात. फाइनचा थांबा असा लावलेला असेल की पूर्ण थ्रॉटलवर चढतानाही इंजिन धोकादायक मर्यादेपलीकडे जाणार नाही, आणि कोर्सचा असा की तिथे अडकूनही विमान थोडेफार चढू शकेल, तर नियंत्रणाचा जवळजवळ कोणताही बिघाड गैरसोयीच्या पातळीवर राहतो. हेच थांबे अधिक वेगाच्या हव्यासापायी सैल लावले, तर तोच बिघाड शेतात उतरायला लावतो. किती कोनाची मुभा घ्यायची, हा निर्णय बहुधा बसवणाऱ्याच्या हातात असतो. म्हणजे विश्वासार्हतेचा मोठा वाटा कारखान्याबाहेर ठरतो.

ज्या बिघाडाला माफी नाही

कोन अडकला तर विमान उतरवता येते. पाते सुटले, तर बहुधा नाही. एक पाते गेले की असमतोलाने इंजिनच माउंटिंगवरून उखडले जाऊ शकते. म्हणून पाते हबमध्ये धरून ठेवणारे भाग, म्हणजे मूळ, बेअरिंग, क्लॅम्प आणि हबचे कवच, यांचा विचार वेगळ्या तराजूत करावा लागतो.

भार किती असतो याचा अंदाज घेऊ. रोटॅक्स ९१२ एस हे १०० अश्वशक्तीचे इंजिन उड्डाणाच्या वेळी मिनिटाला ५८०० फेऱ्या घेते. २.४३ : १ अशा गियरबॉक्समुळे पंखा सुमारे २३९० फेऱ्यांनी फिरतो. सव्वा किलो वजनाच्या पात्याचा गुरुत्वमध्य मध्यापासून ३५ सेंटिमीटरवर धरला, तरी त्याची बाहेरची ओढ अडीच टनांहून अधिक भरते. ठरलेल्या कोनाच्या लाकडी पंख्यात ही ओढ एकसंध लाकूड पेलते. कोन बदलणाऱ्या पंख्यात तीच ओढ सहन करत पात्याला मुळाशी फिरताही आले पाहिजे.

या सरळ ओढीपेक्षाही कपटी असते ते कंपन. पिस्टन इंजिनाची शक्ती अखंड येत नाही, ठोक्याठोक्याने येते. हे ठोके पात्याच्या नैसर्गिक कंपनाशी जुळले, तर धातू थकतो आणि बारीक भेग वाढत जाते. लायकॉमिंग ओ-३६० इंजिन आणि हार्टझेल पंखा यांच्या काही जोड्यांत २००० ते २२५० फेऱ्यांदरम्यान सतत उडू नये, अशी सूचना टॅकोमीटरवरच लिहिलेली असते, ती यामुळे. त्याच इंजिनाला जास्त दाबाचे पिस्टन किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले, तर ठोक्यांचे स्वरूप बदलते आणि आधीची कंपनचाचणी निरुपयोगी ठरू शकते. रोटॅक्सने ९१२ मालिकेसाठी पंख्याच्या जडत्वावर ६००० किलो-चौरस सेंटिमीटरची मर्यादा घातली आहे. मोटर, हब आणि तिसरे पाते जोडताना ही मर्यादा मोडली, तर आधी गियरबॉक्स झिजतो, आणि दोष मात्र इंजिनावर येतो. पंखा एकट्याने भरवशाचा किंवा बेभरवशाचा नसतो. इंजिन, पंखा आणि विमान या तिघांची जोडणी तशी असते.

पुरावा म्हणून पुढे येणाऱ्या गोष्टी

सर्वांत भक्कम कागद म्हणजे प्रमाणपत्र. अमेरिकेच्या पंख्यांविषयीच्या नियमावलीत, भाग ३५ मध्ये, हब आणि पाते धरणारी रचना कमाल ओढीच्या दुप्पट भाराखाली तासभर टिकली पाहिजे. कोन बदलणाऱ्या पंख्याला ११० तासांची सहनशक्तीची चाचणी द्यावी लागते. आपोआप फेऱ्या सांभाळणारा पंखा असेल, तर कोनाची पूर्ण येरझार १५०० वेळा करून दाखवावी लागते. हाताने कोन बदलायचा असेल, तर ५०० वेळा. शिवाय घातक परिणाम करणारा बिघाड एक कोटी तासांमागे एकापेक्षा अधिक नसावा, हे विश्लेषणाने दाखवावे लागते. बरेच मायक्रोलाइट पंखे या वाटेने आलेले नसतात. त्यामुळे ते वाईट ठरत नाहीत, पण वरच्या प्रश्नांची उत्तरे कोणीतरी तिऱ्हाइताने तपासली आहेत, असे म्हणता येत नाही.

दुसरा कागद म्हणजे हवाईयोग्यतेचे आदेश आणि कंपनीची सर्व्हिस बुलेटिने. इथे हमखास गल्लत होते. हार्टझेल आणि मॅकॉली यांच्या नावावर आदेशांची लांबलचक यादी दिसते. एखाद्या छोट्या मायक्रोलाइट पंख्याच्या नावावर एकही दिसत नाही. लगेच निष्कर्ष निघतो, की छोटा पंखा जास्त चांगला. वस्तुस्थिती अशी, की मोठ्या कंपन्यांचे पंखे प्रचंड संख्येने, अनेक दशके उडत आहेत, दोष कळवण्याची सक्ती आहे आणि आदेश काढणारे खाते आहे. प्रमाणपत्र नसलेल्या पंख्यासाठी असा आदेश काढणारे कोणी नसू शकते. ब्रिटनमध्ये 'परमिट'वर उडणाऱ्या विमानांसाठी नागरी उड्डाण प्राधिकरण वेगळे सक्तीचे निर्देश काढते. अशी सोय सगळीकडे नाही. लांब यादी कधी कधी रोगाची नसून निदानव्यवस्थेची खूण असते. यादी वाचताना संख्या मोजू नये. दोष कुठे सापडला, तो कसा कळला आणि दुरुस्ती किती लवकर आली, हे पाहावे.

तिसरा पुरावा वापरणाऱ्यांच्या अनुभवाचा. त्याला किती वजन द्यायचे, हे साध्या गणिताने ठरवता येते. अमुक तासांत एकही बिघाड झाला नसेल, तर बिघाडाचा खरा दर जास्तीत जास्त 'तीन भागिले तितके तास' असू शकतो, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. एखाद्या मालकाने ६०० तास विनातक्रार उड्डाण केले, तर त्यावरून इतकेच सिद्ध होते, की दर २०० तासांमागे एका बिघाडापेक्षा वाईट नसावा. निर्णयाच्या दृष्टीने ही माहिती नसल्यातच जमा. समजा, एका मॉडेलचे २०० पंखे वर्षाला शंभर तास या हिशेबाने पाच वर्षे उडाले आणि एकही बिघाड झाला नाही. एक लाख तास भरले. तरीही लाखामागे तीन बिघाडांची शक्यता उरते. जो मालक वीस वर्षांत दोन हजार तास उडणार, त्याच्या वाट्याला बिघाड येण्याची शक्यता शंभरात सहापर्यंत असू शकते. आणि कोटी तासांमागे एक हा नियमातला दर नुसत्या अनुभवाने सिद्ध करायचा, तर तीन कोटी निर्दोष तास लागतील. हलक्या विमानांच्या जगात ते कोणाकडेच नाहीत. म्हणूनच प्रमाणित पंख्यांचाही भरवसा शेवटी रचनेच्या विश्लेषणावर उभा असतो. आणि विश्लेषण चुकू शकते.

विश्लेषण चुकले तेव्हा

याचे सर्वांत कटू उदाहरण हलक्या विमानाचे नाही, एम्ब्राएर १२० या छोट्या प्रवासी विमानाचे आहे. पण धडा सर्वांना लागू आहे. ५ एप्रिल १९९१ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ब्रन्सविक इथे उतरण्याच्या बेतात असलेले असे विमान कोसळले आणि त्यातले सर्व २३ जण गेले. माजी सिनेटर जॉन टॉवर आणि अंतराळवीर सनी कार्टर त्यात होते. डाव्या पंख्याच्या नियंत्रकात एका छोट्या दांड्याचे दाते झिजले होते. हा भाग निकामी झाला तरी पाती सुरक्षित बाजूला जातील, असे रचनेत गृहीत धरले होते आणि एफएएने त्या रचनेला मान्यता दिली होती. प्रत्यक्षात पाती उड्डाणात कधीच जाऊ नयेत इतक्या सपाट कोनात गेली. तो पंखा मग विमानाला पुढे ओढेना, उलट हवेत ब्रेक लावल्यासारखा अडवू लागला. कागदावरचे 'सुरक्षित बिघडते' हे वाक्य प्रत्यक्ष झिजेच्या आणि कंपनाच्या परिस्थितीत तपासलेले नव्हते.

चारच वर्षांनी, २१ ऑगस्ट १९९५ रोजी, त्याच विमानसेवेच्या आणखी एका एम्ब्राएर १२० चा अपघात जॉर्जियातच कॅरलटनजवळ झाला. या वेळी हॅमिल्टन स्टँडर्डच्या पंख्याचे एक पातेच तुटले. पात्याच्या पोकळ मुळात गंजाचा बारीक खड्डा पडला होता आणि तिथून भेग वाढली होती. याच पात्याला अल्ट्रासॉनिक तपासणीत आधी संशयास्पद ठरवले गेले होते. ते दुरुस्तीसाठी कारखान्यात गेले, तिथे डोळ्यांना भेग दिसली नाही, पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला गेला आणि पाते परत सेवेत आले.

दोन्ही अपघातांत पंखा प्रमाणित होता आणि कंपनी नामवंत होती. पहिल्यात 'बिघडला तर कुठे थांबेल' या प्रश्नाचे उत्तर चुकले, दुसऱ्यात यंत्राने दाखवलेली खूण पुसली गेली. हलक्या विमानाच्या मालकाने यातून घाबरून जायचे कारण नाही. पण नाव आणि प्रमाणपत्र बघून प्रश्न विचारणे थांबवू नये, एवढे नक्की.

बोलणारे पंखे

चांगली रचना बिघाड टाळतेच असे नाही, पण त्याची वर्दी आधी देते. मॅकॉलीच्या काही पंख्यांच्या हबमध्ये लाल रंगाचे तेल भरलेले असते. कवचाला केसाएवढी भेग पडली, तरी लाल ओघळ दिसतो आणि उड्डाणाआधी फेरी मारणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो ओळखता येतो. इव्होप्रॉप या अमेरिकी पंख्यात पाती मुळाशी फिरत नाहीत. पात्याच्या आतली सळई पाते पिळते. त्याच्या मुळाशी पोलादी पट्टी चिकटवतात. बोल्ट सैल होऊन पाते हलू लागले, की पट्टी फाटते. दोन्ही उपाय स्वस्त आहेत आणि दोन्हींना उपकरण लागत नाही.

याउलट ज्या पंख्याची स्लिप रिंग स्पिनर काढल्याशिवाय दिसत नाही, ज्याचे बेअरिंग कारखान्यात पाठवल्याशिवाय तपासता येत नाही, तो दोष पोटात ठेवतो. असा पंखा वाईट असेलच असे नाही, पण त्याच्या तपासणीच्या मुदती काटेकोर पाळाव्या लागतात. हार्टझेल आणि मॅकॉली यांच्या अनेक मॉडेलांना २००० ते २४०० तास किंवा सहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ओव्हरहॉल सांगितलेले असते. वर्षाला साठ तास उडणारा मालक सहा वर्षांत ३६० तासांवर असतो आणि 'अजून वापरलाच कुठे' म्हणून मुदत पुढे ढकलतो. पण गंज तासांवर चालत नाही, दिवसांवर चालतो.

आपल्याकडे हा मुद्दा विशेष लागू आहे. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने विकसित केलेल्या हंसा-३ या दोन आसनी प्रशिक्षण विमानावर रोटॅक्स ९१४ इंजिन आणि हॉफमनचा कॉन्स्टंट-स्पीड, म्हणजे फेऱ्या आपोआप टिकवणारा, पंखा आहे. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरील नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये डायमंडच्या डीए-४० आणि डीए-४२ विमानांवर वैमानिक तयार झाले आहेत. दोन इंजिनांच्या डीए-४२ चे पंखे तर फेदर होणारे आहेत. म्हणजे हलक्या विमानावरचा कोन बदलणारा पंखा भारतात नवलाईचा नाही. फरक हवामानाचा आहे. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत किंवा चार महिन्यांच्या पावसाळ्यात हँगरमध्ये उभ्या राहिलेल्या विमानाच्या अॅल्युमिनियम हबला कोरड्या हवेत रोज उडणाऱ्या विमानापेक्षा जास्त धोका असतो. लाकडी गाभ्यावर काचतंतूचे आवरण असलेल्या पात्यांत ओल शिरली, तर धारेवरची धातूची पट्टी सुटू लागते. अनुभवी मेकॅनिक नाण्याने पात्यावर टकटक करून ऐकतात. चिकटलेल्या भागाचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या भागाचा बद्द.

उड्डाणाआधी पंख्याची येरझार करून पाहण्याची रीत चांगली आहे, पण तिची व्याप्ती ओळखावी. लिव्हर मागे घेतला, फेऱ्या उतरल्या, पुढे केला, चढल्या. म्हणजे गव्हर्नर किंवा मोटर आज चालते आहे. हबमधल्या भेगेबद्दल या चाचणीतून काहीच कळत नाही.

निवाडा

या सगळ्याचा ताळा मांडला, तर काही निष्कर्ष ठामपणे काढता येतात. धावपट्टीभोवती फेऱ्या मारणाऱ्या संथ प्रशिक्षण विमानाला जमिनीवर कोन बदलणारा पंखाच योग्य. मिळणारा फायदा अल्प आहे आणि नवशिक्याला आणखी एक लिव्हर विसरण्याची संधी नको. वेगवान प्रवासी विमानाला, इंजिनात तेल नेण्याची सोय असेल तर, प्रमाणित हबचा हायड्रॉलिक पंखा हा पहिला पर्याय. मात्र तेल गेल्यावर पाती कोणत्या दिशेला जातात, हे वैमानिकाच्या तोंडी असले पाहिजे. तेलाची सोय नसेल, तर विजेचा पंखा वाजवी आहे, पण तीन अटींवर : नियंत्रक बाजूला ठेवून हाताने कोन बदलता यावा, मोटरला स्वतंत्र सर्किट ब्रेकर असावा आणि दोन्ही थांबे त्या विमानावर प्रत्यक्ष उडवून ठरवलेले असावेत. हातचा यांत्रिक पंखा साधेपणामुळे मोहात पाडतो. बेअरिंग सहज तपासता येत असेल आणि वैमानिक फेऱ्यांवर लक्ष ठेवणारा असेल, तरच घ्यावा.

घराणे कोणतेही असो, पैसे देण्याआधी उत्पादकाकडून चार उत्तरे लेखी मागावीत. नियंत्रण गेले तर पाती कोणत्या कोनावर थांबतात आणि त्या कोनात हे विमान चढते का? याच इंजिनावर, याच रूपात, कंपनाची मोजणी झाली आहे का? पाते धरणारा भाग किती तासांनी, कोणी आणि कसा तपासायचा? आतापर्यंत परत आलेल्या पंख्यांत काय दोष सापडले? शेवटच्या प्रश्नाला 'एकही नाही' असे उत्तर आले, तर ते जाहिरातीचे वाक्य समजावे. दोषांची यादी काढून दाखवणारा आणि प्रत्येकावर काय केले ते सांगणारा कारखाना जास्त भरवशाचा, कारण त्याने आपले पंखे उघडून पाहिलेले असतात.